लाइनबॅकरचे पाय

सेंदाईत असताना माझं काम होतं परक्या पोरांचे पाय धरणं. सासूबाईंना फोनवर मी ते अशाच शब्दांत सांगितलं आणि त्यांनी पुढे बरेच दिवस माझ्याशी अबोला धरला. पुण्यात फिजिओथेरपी शिकलेली सून जपानसारख्या देशात जाऊन घामेजलेल्या मुलांच्या घोट्यांना पट्ट्या बांधते, हे सोसायटीत कोणाला सांगण्यासारखं त्यांना वाटेना. त्या सांगायच्या, "ती तिकडे युनिव्हर्सिटीत असते." ते काही खोटं नव्हतं.

सुहास, म्हणजे माझा नवरा, तिथे धातूंवर संशोधन करायला गेला आणि मी लहानग्या ईराला घेऊन त्याच्या मागोमाग. माझी पदवी जपान सरकारच्या लेखी शून्य. तिथली परीक्षा दिल्याशिवाय कोणाला हात लावून उपचार करायचे नाहीत. पट्टी बांधायला मात्र परवाना लागत नाही. म्हणून शहरातल्या एका खासगी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल क्लबने मला अरुबाइतोवर, म्हणजे तासांच्या हिशेबाने, ठेवून घेतलं. पुढची कित्येक वर्षं मी तिथे गुडघे पाहिले, खांदे पाहिले, पोरांना वेळेवर डॉक्टरकडे पिटाळलं आणि कोणी विचारलं की सांगितलं, "मी फक्त पट्टी बांधते."

हा फुटबॉल पायाने खेळत नाहीत, हे आधी सांगून टाकते. माझा मामेभाऊ अजूनही विचारतो, "तुमच्या पोरांनी गोल किती मारले?" लंबगोल चेंडू, डोक्याला हेल्मेट, खांद्यांवर चिलखत. एक बाजू चेंडू घेऊन पुढे सरकायला बघते, दुसरी तिला जमिनीवर लोळवते. लोळवणाऱ्यांची पहिली रांग धिप्पाड मुलांची. त्या रांगेच्या मागे चार पावलं सोडून जो उभा असतो, तो लाइनबॅकर. कबड्डी पाहिलेल्यांना चटकन कळेल. चढाईवाला आत आला की कोपऱ्यावरचा तयारीचा खेळाडू त्याच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो. लाइनबॅकरचं तेच. चेंडू कुठल्या बाजूला जाणार हे समोरच्याच्या पायांवरून ओळखायचं आणि मग जाऊन आदळायचं. घाई केली तर फसगत, उशीर केला तर माणूस निसटला. उभं राहायचं ते चवड्यांवर, टाचा जेमतेम टेकलेल्या. वजन टाचांवर गेलं की लाइनबॅकर संपला, कारण टाचांवरच्या माणसाला फक्त मागे जाता येतं.

पट्टी बांधण्याचं काम दिसतं सोपं. मुलगा टेबलावर बसतो, पाय पुढे सोडतो, घोटा काटकोनात धरायचा आणि पट्टीला एकही सुरकुती न पडू देता गुंडाळत जायचं. सुरकुती राहिली की तासाभरात तिथे फोड. एक क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, होता, तो दुखऱ्या घोट्यावर काळा मोजा चढवायचा आणि धडधाकट घोट्याला पांढरीशुभ्र पट्टी बांधून मागायचा. समोरचे धटिंगण नेमके त्या पांढऱ्या पायावर तुटून पडत आणि हा हसत उठायचा. दुसरा एक पोरगा संघ जिंकत असेल तोवर मोजे धुवायचा नाही. त्या वर्षी आम्ही बरेच सामने जिंकलो आणि मी खिडकी उघडी ठेवून काम केलं.

या टेबलाची एक गंमत आहे. मी पायाकडे बघत असते, चेहऱ्याकडे नाही. जपानी माणसाला बोलायला एवढं पुरतं. कोणाचं प्रेम मोडलं, कोणाला खेळ सोडायचाय, कोणाच्या आईला कॅन्सर झालाय, हे कान्तोकूंच्या आधी मला कळायचं. कान्तोकू म्हणजे संघाचे सर्वेसर्वा. आमच्या कान्तोकूंचं आडनाव ओनोदेरा. त्यांच्याबद्दल पुढे मी कडू लिहिणार आहे, म्हणून त्यांचं चांगलं आधी लिहिते.

भूकंप झाला त्या दिवशी मी कुठे होते, हे मला सगळे विचारतात. मी स्वयंपाकघरात होते आणि मला काही झालं नाही. त्या उन्हाळ्यात ओनोदेरा-सान पोरांना घेऊन किनाऱ्यावरच्या एका मासेमारीच्या गावात चिखल उपसायला गेले होते. तिथे त्यांना एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दिसला. त्सुनामीच्या पाण्याने फुगलेली तातामी चटई उचलायला आमच्या तिघा खेळाडूंना धाप लागत होती. हा एकटा खांद्यावर टाकून नेत होता. त्याचं नाव सुगावारा. चौकशी केली तर गावातल्या कोणाला त्याच्याबद्दल बोलायचं नव्हतं. वर्गातल्या मुलाचा जबडा मोडला, शिक्षकावर हात उगारला, बालगुन्हेगारांच्या केंद्रात राहून आला, शाळेने नाव काढून टाकलं. हे सगळं भूकंपाच्या आधीचं. वडील त्सुनामीत गेलेले, घर गेलेलं, तो आणि आई तात्पुरत्या वसाहतीतल्या एका खोलीत राहत होते.

ओनोदेरा-सान त्या खोलीवर किती खेपा घालून आले ते त्यांनाच माहीत. त्यांनी मुलाला रात्रशाळेत घातलं, स्वतः इंग्रजी शिकवलं, प्रवेश परीक्षेला बसवलं, आपद्ग्रस्तांना मिळणारी फीमाफी मिळवून दिली. इतकं पोटच्या मुलासाठीही सगळे करत नाहीत. सुगावारा आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या अंगावर जे कपडे होते तेही कान्तोकूंच्या मुलाचे होते, बाह्यांमध्ये आखूड.

पहिल्या वर्षी तो कामाचा नव्हता. ताकद भरपूर, पण चेंडू हलायच्या आत जाऊन धडकायचा. प्रशिक्षक ओरडून थकले. त्यात पहिल्या वर्षाच्या मुलांनी वरच्या वर्षाच्यांची जर्सी धुवायची, पाणी आणायचं, वाकून नमस्कार करायचा, ही तिकडची शिस्त. ते सगळं तो निमूट करायचा. मग एक दिवस क्लबच्या खोलीत भलतंच घडलं. बाहेर बूट काढून आत यायची पद्धत आहे. चौथ्या वर्षाचा एक मुलगा पार्टी करून मजेत आला आणि त्याने उभ्याउभ्याच पायातला बूट झटकला. बूट भिंतीवर आपटला. आत बसलेला सुगावारा उठला आणि त्याने त्या मुलाला इतकं बडवलं की चौघांनी मिळून सोडवलं.

बाहेर कळलं असतं तर सगळ्या क्लबलाच त्या हंगामात खेळता आलं नसतं. एकाने केलं की सगळ्यांनी भोगायचं, हा तिकडचा नियम. म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवलं. सुगावाराने डोक्याचं तुळतुळीत मुंडण करून सगळ्यांची माफी मागितली आणि पुढचे दोन महिने मैदान झाडलं. असं का केलंस, याचं उत्तर त्याने कोणालाच दिलं नाही. मला दिलं ते न विचारता, डावा पाय माझ्या हातात असताना.

"सेन्सेई, आमच्या घरी दारातून बुटांचा आवाज यायचा," तो म्हणाला. "बाबा खाली बसून बूट काढत असले तर जेवण व्हायचं. उभ्यानेच झटकला आणि भिंतीवर आपटला, तर मी ओशिइरेत."

ओशिइरे म्हणजे गाद्या ठेवायचं भिंतीतलं कपाट. मी पट्टी ओढत राहिले आणि विचारलं, "आणि आई?"

"आई कपाटात मावायची नाही."

मी पट्टी पुरी केली. मग मला जे सुचलं ते बोलले. म्हटलं, "तू कित्येक वर्षं पायांवरून माणूस ओळखतोयस. इथल्या कोणालाच ते येत नाही. मैदानावर तेच कर. चेहरा बघू नकोस, बूट बघ. फक्त कपाटाकडे जायच्या ऐवजी पुढे जा."

त्याने मान हलवली. हंगामाच्या शेवटी कान्तोकू मला म्हणाले, "रानडे-सान, त्या पोराला समोरच्याचं मनातलं कळायला लागलंय." दुसऱ्या वर्षी तो पहिल्या अकरांत आला. समोरचा हलला की हा त्या जागी आधीच पोचलेला असायचा. चवड्यांवर उभा, हात सैल, नजर खाली. माझ्या त्या वाक्याचा मला फार अभिमान होता. सुहासला, पुण्याच्या मैत्रिणींना मी ते पुन्हा पुन्हा सांगितलंय. एका मुलाला मार खाऊन आलेली विद्या खेळात वापरायला लावली, याचा इतका अभिमान वाटावा का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

आता त्याच्या वडिलांबद्दल. ते गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलात होते. भूकंपानंतर लाट येणार म्हटल्यावर बंदराच्या भिंतीतले लोखंडी दरवाजे हातांनी बंद करायचं काम या दलाचं. सुगावाराचे वडील तो दरवाजा बंद करायला गेले, तो बंद केला आणि परत आले नाहीत. त्या दरवाजाने लाट थोडा वेळ थोपवली आणि तेवढ्यात काही म्हातारी माणसं टेकडीवर चढली. हे खरं आहे. गावात दगड बसवला आहे, त्यावर त्यांचं नाव आहे. ज्या हातांनी त्यांनी दरवाजा लोटला त्याच हातांनी ते घरी काय करायचे, ते दगडावर लिहीत नाहीत. सगळ्या गावाला माहीत होतं आणि आता कोणालाच माहीत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी आमचा संघ विभागाच्या अंतिम सामन्याला पोचला. त्यापुढच्या फेरीत पश्चिमेकडचे संघ आम्हाला धुऊन काढत, त्यामुळे आमचा दसरा-दिवाळी हाच सामना. एका स्थानिक वाहिनीला सुगावाराची गोष्ट मिळाली. वाया गेलेला मुलगा, त्सुनामी, वीर पिता, मैदान. त्यांनी कान्तोकूंना सुचवलं की वडिलांचा फोटो संघाच्या बाकावर ठेवावा आणि आईने प्रेक्षकांत बसावं. तिकडे ही रीत आहे. कोणी गेलेलं असलं की त्याची काळ्या चौकटीतली तसबीर घरचे सामन्याला घेऊन येतात, त्यानेही खेळ पाहावा म्हणून. मला ती रीत आवडते. चांगला माणूस गेलेला असेल तर त्याहून चांगली जागा नाही.

कान्तोकूंनी सुगावाराला माझ्यासमोरच विचारलं. तो "हाय", म्हणजे हो, म्हणाला. होकार आणि नकार दोन्हींना तो तेवढंच म्हणायचा. तो गेल्यावर मी म्हटलं, "कान्तोकू, हे नको करूया. त्याच्या घरी काय चालायचं ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले. "गावात इतक्या खेपा घातल्या, तर कळणारच." मग खिडकीतून मैदानाकडे बघत म्हणाले, "रानडे-सान, सामन्याला एका कंपनीचा माणूस येणार आहे. त्यांचा स्वतःचा संघ आहे. घेतलं तर जन्माची नोकरी. पण केंद्रात राहून आलेला मुलगा घ्यायचा तर त्या माणसाला वरिष्ठांपुढे काहीतरी ठेवावं लागेल. आपल्याकडे ठेवण्यासारखे वडीलच आहेत."

माझ्या खिशात कोणाची नोकरी नव्हती.

सामन्याच्या दिवशी आई बसने आली. ठेंगणी बाई, काळा कोट, मांडीवर जांभळ्या फुरोशिकी कापडात बांधलेली तसबीर. त्या मासे कापायच्या कारखान्यात कामाला होत्या. बोलताना त्या मान वळवून उजवा कान पुढे करायच्या. डाव्या कानाने ऐकू येत नाही, असं त्यांनी मला सांगितलं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. तसबीर बाकाच्या टोकाला, माझ्या बर्फाच्या पेटीशेजारी ठेवली गेली. दलाच्या गणवेशातला रुंद खांद्यांचा माणूस, ओठ मिटलेले, नजर सरळ. कॅमेरा त्याच्यावर गेला, मग आईवर, मग सुगावारावर.

पहिल्या अर्ध्यात सुगावारा खेळलाच नाही. म्हणजे मैदानात होता, पण समोरचे त्याच्या दोन्ही बाजूंनी जात होते आणि हा बघत होता. प्रशिक्षकांना वाटलं पाय दुखतोय. मी बाकावरून त्याचे पाय पाहिले. पोराचं वजन टाचांवर गेलं होतं. आमचा बचाव संघ बाहेर आला की तो बाकावर बसायचा नाही, दूर कडेला उभा राहायचा आणि तिथूनही दर थोड्या वेळाने त्या टोकाकडे बघायचा. अर्धी वेळ झाली तेव्हा आम्ही बरेच मागे पडलो होतो आणि कंपनीचा माणूस फोनवर बोलत होता.

मध्यंतरात तो माझ्यासमोर येऊन बसला. मी पट्टी चाचपली.

"सैल झालीय का?"

"नाही."

"मग?"

तो पायाकडे बघत म्हणाला, "सेन्सेई, त्यांनी अजून बूट काढलेले नाहीत. काढतील असं वाटत राहतं."

मग तो म्हणाला, "झाकता येईल का?"

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मराठीत लिहितेय म्हणून लिहितेय. त्याच्या कंपनीत मराठी वाचणारं कोणी नाही.

मी बाहेर गेले, बर्फाच्या पेटीतला टॉवेल काढला आणि तसबिरीवर पसरला. अंगाखालचा दगड काढावा तसं मला वाटलं. दुखण्याची जागा सापडली आणि ती मी झाकली, इतकं सरळ. दुसऱ्या अर्ध्यात तो बाहेर आला, त्याने एकदा बाकाकडे पाहिलं आणि चवड्यांवर उभा राहिला. पुढे जे झालं ते त्या वाहिनीवर पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं. तीन वेळा त्याने चेंडूवाल्याला तो वळायच्या आधी जमिनीवर घेतलं. शेवटच्या मिनिटांत समोरच्यांच्या हातून चेंडू सुटला तो त्याच्याच धडकेने, आणि आम्ही जिंकलो. पोरं रडत होती, कान्तोकू रडत होते, मीही रडले. सुगावारा रडला नाही. तो बाकापाशी आला, टॉवेलला हात न लावता पाणी प्यायला आणि त्याच वेळी कॅमेरा फिरून तिथे आला.

काळी चौकट, तिच्यावर पोरांच्या घामाचा ओला टॉवेल, खाली टपकणारं पाणी. दोन क्षणच दिसलं, पण पुरेसं होतं. संध्याकाळपर्यंत वाहिनीला फोन आले. दुसऱ्या दिवशी त्या गावच्या अग्निशमन दलातून विद्यापीठात फोन आला. ज्याने गाव वाचवलं त्याच्या तोंडावर फडकं कोणी टाकलं, असं त्यांना विचारायचं होतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कंपनीच्या माणसानेही फोन केला आणि मुलाचं वडिलांशी काही वाकडं होतं का, अशी सहज चौकशी केली.

कान्तोकूंनी मला खोलीत बोलावलं. चहा दिला.

"रानडे-सान, फोटोवर ऊन येत होतं का?"

"नाही. ढग होते."

"काच धुरकटली होती का?"

"नाही."

"तुमच्या देशात कदाचित तशी पद्धत असेल," ते म्हणाले. "गेलेल्या माणसाचा फोटो झाकायची."

"नाही, कान्तोकू. तशी काही पद्धत नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "मग सुगावाराने सांगितलं होतं का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोनच उत्तरं होती आणि एका उत्तरात त्या मुलाची नोकरी होती. पुण्याला आमच्या दिवाणखान्यात सासऱ्यांचा फोटो आहे. सासूबाई रोज सकाळी तो पदराने पुसतात, चंदनाचा हार सरळ करतात आणि मगच चहा पितात. मेलेल्या माणसाच्या तोंडावर ओलं फडकं टाकू नये हे कळायला जपानी असावं लागत नाही.

"आहे," मी म्हणाले. "आमच्याकडे तशी पद्धत आहे."

"वाटलंच मला," कान्तोकू म्हणाले आणि त्यांनी हुश्श केलं. त्यांनी लगेच सगळीकडे कळवलं की आमच्या परदेशी ट्रेनरबाईंनी आपल्या देशाच्या रीतीप्रमाणे, आदरापोटीच, तसं केलं. सगळ्यांना पटलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या भाषेत बोलले, त्यांच्या सणांना गेले, कचरा त्यांच्याहून काटेकोरपणे वेगळा केला. पण माझ्या अडाणीपणावर लोकांचा जितका चटकन विश्वास बसला तितका माझ्या पदवीवर कधी बसला नाही.

मग माफी मागायला जायचं ठरलं. मिठाईचा चांगल्या दुकानातला डबा, काळे कपडे, कान्तोकू, मी आणि सुगावारा. त्या वसाहतीतल्या खोल्यांच्या भिंती पत्र्याच्या. शेजारी कोणी नाक शिंकरलं तरी ऐकू येतं. खोलीच्या कोपऱ्यात छोटा देव्हारा, त्यात तीच तसबीर, पुसून लख्ख केलेली. मी जमिनीवर कपाळ टेकवून म्हणाले, "मला तुमची रीत माहीत नव्हती. चूक झाली." सुगावारा माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसला होता. त्याने मान वर केली नाही.

आईने उजवा कान माझ्याकडे वळवला होता. माझं ऐकून झाल्यावर त्या मोठ्याने, भिंतीपलीकडे जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "परदेशी माणसाला कसं कळणार. आमच्या यजमानांनीही मनाला लावून घेतलं नसतं. ते फार मोठ्या मनाचे होते."

चहा झाला. निघताना त्यांनी आमचे बूट दाराशी बाहेरच्या दिशेला तोंड करून नीट लावून ठेवले होते. सुगावारा खाली बसून, आवाज न करता बूट घालून बाहेर गेला, कान्तोकू त्याच्या मागे. मी वाकून नाडी बांधत होते तेव्हा आई माझ्या कानाशी आल्या. या वेळी आवाज इतका हळू की मलाच जेमतेम ऐकू आला.

"दुसऱ्या अर्ध्यात फार छान खेळला," त्या म्हणाल्या.

मी वर पाहिलं तर त्या पुन्हा यजमानीणबाई झाल्या होत्या आणि वाकून निरोप देत होत्या.

मुलाला नोकरी मिळाली. एप्रिलपासून माझं काम थांबलं. कोणी काढून टाकलं नाही. तिकडे तसं करत नाहीत. या वर्षी अंदाजपत्रकात ट्रेनरची तरतूद झाली नाही एवढंच कळवलं. पुष्पगुच्छ दिला आणि एका पुठ्ठ्यावर सगळ्या पोरांनी दोन दोन ओळी लिहून दिल्या. सुगावाराने लिहिलं होतं, "आपण सांभाळून घेतलंत, आभारी आहे." निरोपाच्या प्रत्येक पुठ्ठ्यावर निम्मे लोक हेच लिहितात. त्यात त्याला काय म्हणायचं होतं हे शोधत मी तो पुठ्ठा पुष्कळदा वाचला आणि मग कपाटावर टाकून दिला.

सुहासला तोक्योत कंपनीत जागा मिळाली आणि आम्ही निशी-कसाई या भारतीयांच्या वस्तीत आलो. इथे मी सार्वजनिक सभागृहात आपल्या आयटीवाल्यांचे मानेच्या व्यायामाचे वर्ग घेते. बायका आपसांत बोलतात, पुरुष वर्गातही फोन बघतात. पाय कोणी दाखवत नाही. सुगावाराचं नाव अधूनमधून कानावर यायचं. तो कंपनीच्या संघाचा कप्तान झाला, लग्न झालं, मुलगा झाला. मार्चमध्ये, भूकंपाच्या महिन्यात, कंपनी त्याला शाळाशाळांतून बोलायला पाठवते, हेही ऐकलं होतं. शून्यातून वर आलेल्या मुलाची गोष्ट सगळ्यांनाच हवी असते. मला आनंद वाटायला हवा होता. त्याच्या पोटापाण्याचं झालं, त्याला कोणी हात लावू शकत नाही, आणि हे व्हावं म्हणूनच तर मी खोटं बोलले होते.

यंदा तो ईराच्या शाळेत आला. ईरा आता अकरावीत आहे. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते, असं आमचं घर चालतं. शाळेतून आली ती थेट स्वयंपाकघरात.

"आई, तुमच्या सेंदाईच्या संघातले सुगावारा-सान आले होते. काय बोलले. अर्धा वर्ग रडत होता."

"काय बोलले?"

"त्यांच्या बाबांबद्दल. ते लहान असताना संध्याकाळी दारात बाबांच्या बुटांचा आवाज आला की ते ओशिइरेत जाऊन लपायचे म्हणे. लपंडाव. आणि बाबा रोज त्यांना शोधून काढायचे." तिचे डोळे पुन्हा भरून आले. "अजूनही बुटांचा आवाज आला की बाबांची आठवण येते, म्हणाले."

मी गॅस बंद केला. ईराने फोन पुढे केला. शाळेच्या व्यायामशाळेतलं व्यासपीठ, पाठीमागे पडदा, मध्ये सुगावारा. काळा सूट, रुंद झालेले खांदे, दोन्ही हातांत छातीशी धरलेली तीच काळी चौकट. चेहऱ्यावर शांत, गोड हसू. कोणालाही आपला मुलगा असा असावा असं वाटेल.

मी बोटाने फोटो वर सरकवला आणि मोठा केला. शाळेत पाहुण्यांना देतात तसल्या हिरव्या प्लास्टिकच्या स्लिपर त्याच्या पायात होत्या. दोन्ही स्लिपरची पुढची टोकं जमिनीपासून सुटलेली होती.

"आई, चेहरा बघ ना," ईरा म्हणाली. "पाय काय बघतेस?"

वजन सगळं टाचांवर होतं.